खडूची रेघ

नवे टायर घातले तेव्हा बाजूवर उठावातला आकडा वाचला: पासष्ट.
कंपनीनं लिहिलंय, खोटं कशाला लिहील,
म्हणून चारही चाकं पासष्टनं ठासून घेतली.
पिकअप ताठ उभी राहिली,
पहिल्यांदा सूट घातलेल्या नवरदेवासारखी.

मागे निंगव्वा कुंभारणीची दोनशे चाळीस मडकी,
पिंजरात गुंडाळलेली, खानापुराहून हेमाडग्याच्या पुढं.
शिरोली सुटली, डांबर संपलं
आणि जंगलातला प्रत्येक दगड
चाकातून, पाट्यांतून माझ्या दाढेपर्यंत आला.
मागून टक्.
थोड्या वेळानं परत टक्.
मी मोजत होतो. मग मोजणं सोडलं.

पोचल्यावर निंगव्वा हौद्यात चढली,
बोटाच्या पेरानं एकेक मडकं वाजवत, कान लावत,
ओंदु, एरडु, मूरु,
खणखणीत ते इकडं, भदभदीत ते तिकडं.
एकतीस तिकडं गेली.
मला काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

नाक्यावर दस्तगीरचाचाचा एक कॉम्प्रेसर, एक घमेलं पाणी.
हातोडीचा दांडा टायरवर आपटून त्यानंही कान लावला.
"गाळी जास्त झालीया."
माझा क्लीनर सावंतवाडीचा, नवा,
शिवी समजून लाल झाला.
"वारा रे बाबा, वारा," मी म्हटलं.

"पासष्ट ही त्याच्या सोसण्याची हद्द," चाचा म्हणाला.
"हद्द हाय म्हणून तिथंच जाऊन ऱ्हातोस?
दार उघड, खांबावरचा कागद वाच.
तोबी भरल्या गाडीचा, सकाळच्या गार टायरचा.
तू काय भरलाईस, त्याला काय ठावं?"
मडकी भरली होती.
ओझं कमी, पोकळी जास्त.

मग त्यानं खिशातून खडूचा तुकडा काढला.
मराठी शाळेच्या बाईंच्या स्कूटीला इथं हवा फुकट,
त्याबदल्यात आठवड्याला एक खडू.
टायरच्या छातीवर आडवी रेघ ओढली,
या काठापासून त्या काठापर्यंत.
"पोस्टापर्यंत सरळ जा नि ये."

आलो. मध्ये पुसलेली, दोन्ही काठ पांढरे तसेच.
"नुसतं पोट टेकूलंय."
हवा सोडली. परत रेघ, परत पोस्ट.
पन्नास. पंचेचाळीस.
एकदा जास्तच सोडली, तर काठ पुसले आणि मध्य राहिला;
चाचा स्वतःवरच चिडला, पुन्हा भरली.
पांढरा खडू संपला, कन्नड शाळेच्या गुरुजींचा पिवळा निघाला.
पोस्टमन बाहेर येऊन विचारून गेला,
"काय टाकायचंय का पत्रबित्र?"
अडतीसला रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत
सारखी गेली.

"हे डांबराचं. शिरोलीपुढं बावीसवर उतर.
तिथं टायरला दगड गिळू दे. पण सावकाश;
वळणावर मस्ती केलीस तर रिमवरनं निसटंल.
डांबराला लागलास की परत भर, नायतर भाजून मरंल.
आणि पळून गरम झाला की काटा चार जास्त दावील,
भिऊन सोडू नको.
ती तू भरलेली न्हवं, वाटेची हाय."

पुढच्या खेपेला डांबर संपतं तिथं थांबलो.
चार व्हॉल्व्ह, फुस्स.
निंगव्वा उतरून बघत राहिली.
"भट्टीचंबी तोंड जरा उघडं ठेवायला लागतंय," एवढंच म्हणाली.

पोचल्यावर तेच पेर, तोच कान.
दोनशे एकोणचाळीस इकडं.
शेवटचं भदभद वाजलं, मी मान खाली घातली.
"हे तुझं न्हवं," ती म्हणाली,
"हे भट्टीतच गेलेलं."

परतताना डांबराच्या तोंडाशी
बॅटरीवरचा छोटा पंप लावला, चाकामागं दहा मिनिटं.
रिकाम्या हौद्यात निंगव्वा पिंजरावर झोपली होती.
मी उकिडवा बसून काटा बघत होतो.
टायरच्या खाचांत चिखल,
आणि चिखलाच्या आत अजून थोडा खडू,
पांढरा नि पिवळा.